पिकअपचे शॉकअप, माणसांचे मणके

पिकअपचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर गेले की जव्हार-मोखाडा भागातला मालक गॅरेजवाल्याला बहुधा एकच सूचना देतो, 'कडक टाक, लवकर जाणार नाहीत असे.' शॉक ॲब्सॉर्बरला गॅरेजच्या भाषेत शॉकअप म्हणतात, आणि इथेही तोच शब्द सोयीचा आहे. मालकाच्या डोक्यात त्या वेळी भाताची पोती, सिमेंट, विटा, मोगऱ्याच्या कळ्या, असा सगळा माल असतो. गाडीत माणसेही बसणार, हे त्याला ठाऊक नसते असे नाही. पण शॉकअप निवडताना त्यांचा हिशेब कोणी करत नाही. तो करायला हवा. या दोन तालुक्यांत पिकअपच्या शॉकअपचा प्रश्न गॅरेजइतकाच दवाखान्याचाही आहे.

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. गाडी धरायची तर कसारा, पालघर, डहाणू किंवा थेट नाशिक रोड गाठावे लागते. एसटी मोठ्या रस्त्याने जाते. पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंतचे अंतर जीप, इको आणि पिकअप यांच्याच भरवशावर कापले जाते. दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान मुले आणि म्हातारी माणसे असा सगळा संसार पिकअपच्या हौद्यात चढतो आणि पावसाच्या तोंडावर तसाच परत येतो. आजारी माणसाचा प्रवास जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे होतो. तिथून पुढे पाठवावे लागले तर तोरंगण घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशिक, नाहीतर ठाणे किंवा सिल्वासा. यातल्या प्रत्येक टप्प्यावर रुग्णवाहिका मिळतेच असे नाही, आणि जी मिळते तीही याच रस्त्यावरून धावते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवणे बेकायदा आहे. शिवाय अशा प्रवाशाला अपघातात काही झाले तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. शॉकअप कितीही उत्तम असले तरी गाडी उलटल्यावर हौद्यातल्या माणसाला ते वाचवत नाहीत. मात्र चालक आणि त्याच्या शेजारी बसणारा केबिनमध्ये कायदेशीरच बसलेले असतात. दोन ओळींची केबिन असलेल्या कॅम्परमध्ये मागच्या बाकावरची माणसेही अधिकृत प्रवासी असतात. त्यांच्याही कंबरेला तोच पाटा आणि तोच रस्ता असतो. आणि हौद्यातली माणसे उद्यापासून बंद होतील असे मानून लिहिणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होईल.

शॉकअप धक्का शोषतो, असे त्याच्या नावावरून वाटते. प्रत्यक्षात धक्का घेतात ते पाटे. चाक खड्ड्यातून वर येते तेव्हा पाटा वाकतो आणि ती ऊर्जा साठवून ठेवतो. मग तो सरळ होताना ती परत देतो. त्याला आवरणारे काही नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील. हे आवरण्याचे काम शॉकअपचे. आतल्या दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात, त्यातून तेल ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावर तास-दीड तास धावून आलेल्या गाडीचे शॉकअप गरम लागतात. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला कामातून गेला, असे खुशाल समजावे. गाडीचे वजन मात्र शॉकअप पेलत नाही. ‘गाडी बसली, शॉकअप बदल’ असे सांगणारा गिऱ्हाईक चुकीच्या भागावर पैसे घालवतो. बसलेली गाडी पाट्यांची तक्रार सांगत असते.

पिकअपची खरी अडचण इथेच आहे. तिचे पाटे मॉडेलप्रमाणे सव्वा ते दोन टन ओझे गृहीत धरून बनवलेले असतात. तेवढा माल भरला की पाटा चांगला दबतो आणि गाडी संथ डुलते. रिकामी असताना तोच पाटा जेमतेम दबलेला असतो आणि गाडी थाडथाड उडते. याचे गणित सोपे आहे. वजनाने पाटा दहा सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होते. चारच सेंटिमीटर दबत असेल तर अडीच वेळा. हौद्यात आठ-दहा माणसे बसली तरी सगळे वजन पाच-सहाशे किलोच्या आत असते. म्हणजे गाडीच्या लेखी ती अर्धी रिकामीच. विटा आरामात जातात आणि माणसे आदळत जातात, हे त्यामुळेच.

माणसाच्या शरीरालाही स्वतःची लय असते. बसलेल्या माणसाला खालून हलवले तर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनाला धड सर्वाधिक साथ देते. पाचच्या आसपास तर पाठीचा कणा आणि पोटातले अवयव बसण्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त हलतात. संपूर्ण शरीराच्या कंपनाचे मापन ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने होते, त्या आयएसओ २६३१ मध्ये याच पट्ट्याला सर्वांत जास्त भार दिला आहे. मोटारीचे अभियंते गाडीची लय सेकंदाला एक ते दीडच्या आसपास ठेवण्याची खटपट करतात ती या पट्ट्यापासून दूर राहण्यासाठी. रिकाम्या पिकअपची लय या पट्ट्याच्या दिशेने सरकते. त्यात पाटे गंजून एकमेकांना चिकटले असतील तर लहान खड्ड्यांवर ते वाकतच नाहीत. मग गाडी जणू फक्त टायरवर उभी असते आणि टायरची थरथर थेट बैठकीपर्यंत पोहोचते.

कंपनाचा डोस मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामाच्या दिवसाला सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके कंपन झाले की मालकाने उपाय सुरू करायचे, १.१५ ही न ओलांडण्याची मर्यादा. हा डोस कंपनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कंपन दुप्पट झाले तर तोच डोस एक चतुर्थांश वेळात पूर्ण होतो. बैठकीवर १ इतके कंपन असलेल्या गाडीत दोन तास बसले की दिवसभराची ०.५ ची पातळी गाठली जाते; १.४ असेल तर तासाभरातच. मोठ्या धक्क्यांसाठी वेगळे माप वापरतात आणि त्यात चौथा घात येतो. म्हणजे दुप्पट जोराचा एक आदळा सोळा साध्या आदळ्यांच्या बरोबरीचा. चालकाने यातून घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. सगळा रस्ता रखडत जाऊन फारसे साधत नाही; मोठ्या खड्ड्यापाशी, मोरीच्या जोडावर आणि गतिरोधकावर गाडी खरोखर हळू करण्याने कितीतरी जास्त साधते.

गतिरोधकांचे तर स्वतंत्र प्रकरण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखरूप जाते. गावोगावी रातोरात घातलेले आखूड, उंच, धारदार उंचवटे याच्या जवळपासही नसतात. बसच्या मागच्या बाकावर बसलेल्या प्रवाशांचे मणके अशा उंचवट्यावर मोडल्याची प्रकरणे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. मागचे चाक उसळते, प्रवासी बाकापासून सुटतो आणि वर येणाऱ्या बाकावर परत आपटतो. सगळा मार छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरच्या मणक्यांवर, बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कंबरेच्या मणक्यावर, येतो. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाचा मणका तर समोरच्या बाजूने आणखी सहज चेपतो. हौद्यात माणसे बसतात ती अशीच. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईला यासाठी फार मोठा आदळाही लागत नाही. ‘गाडीत लचक भरली’ म्हणून आठवडाभर मालीश करून घेणाऱ्या आजीचा एक्स-रे काढला पाहिजे, हे त्या घरातल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

गतिरोधकाचा वैद्यकाला एक उपयोगही झाला आहे. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एक लहानसा अभ्यास आला होता. पोटदुखीने आलेल्या रुग्णांना विचारले गेले, की गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखणे वाढले का? अपेंडिक्सला सूज असल्याचे पुढे सिद्ध झालेल्या ३४ पैकी ३३ जणांनी ‘हो’ म्हटले होते. न दुखणाऱ्याला अपेंडिक्स असण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी ठरते. दुखले म्हणजे अपेंडिक्सच, असे मात्र नाही. मोखाड्याहून येणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण तिथे दुखणे न वाढवणारा रस्ता आधी शोधावा लागेल.

गरोदरपणाबद्दल मात्र नेमके बोलायला हवे, कारण या विषयात भीती आणि बेफिकिरी दोन्ही भरपूर आहेत. ‘खड्ड्यांमुळे रस्त्यातच बाळंत झाली’ असे पुष्कळदा ऐकू येते. वेळ भरलेली, कळा सुरू झालेली बाई रस्त्यात बाळंत होते ती बहुतेक वेळा निघायला उशीर झाला म्हणून. एखाद्या प्रवासाच्या आदळण्याने निरोगी गर्भाला इजा होते, असा भक्कम पुरावा नाही. रोजच्या कंपनाचे चित्र वेगळे आहे. स्वीडनमध्ये नोकरदार स्त्रियांच्या देशव्यापी नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, कामावर जास्त कंपन सोसणाऱ्या गर्भवतींमध्ये मुदतीपूर्वी प्रसूतीचा धोका वाढलेला दिसला. वीटभट्टीच्या हंगामात हौद्यातून वारंवार ये-जा करणारी गर्भवती ही स्वीडनच्या कारखान्यातली कामगार नव्हे, तिच्यावर ओझी, रक्तक्षय आणि अर्धपोटी राहणे यांचाही भार असतो. म्हणूनच टाळता येण्याजोगा आणखी एक भार तिच्यावर घालू नये. वार खाली असलेली, रक्तस्राव होणारी किंवा मुदतीपूर्वी कळा येणारी बाई असेल तर मात्र प्रत्येक आदळा महाग पडू शकतो.

सर्वांत नाजूक प्रवासी म्हणजे कमी दिवसांचे नवजात बाळ. त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या तकलादू असतात की रक्तदाबाच्या चढउताराने त्या फुटू शकतात. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मोठा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच मोठ्या रुग्णालयात हलवाव्या लागलेल्या बाळांना, तिथेच जन्मलेल्या बाळांच्या तुलनेत, मेंदूची गंभीर इजा जास्त प्रमाणात आढळली. यात कंपनाचा वाटा किती आणि बाकी कारणांचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण नवजात बाळांच्या रुग्णवाहिकांत मोजलेले कंपन मोठ्या माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादाही ओलांडते, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि ते तिथल्या गुळगुळीत रस्त्यांवर. शक्य असेल तेव्हा बाळाऐवजी आईला प्रसूतीपूर्वीच हलवावे, हा नियम त्यातूनच पक्का झाला.

रुग्णवाहिकेतली आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. आदळणाऱ्या गाडीत स्टेथोस्कोपने छाती ऐकता येत नाही, शीर सापडत नाही, रक्तदाबाचे स्वयंचलित यंत्र हालचालीला नाडी समजून भलताच आकडा दाखवते आणि छातीवर दाब देणारे हात जागेवरून घसरतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्या गाडीत डॉक्टर आणि औषधे असतात ती वाटेत उपचार करता यावेत म्हणून. शॉकअप गेलेल्या गाडीत डॉक्टर हा आणखी एक प्रवासी होतो आणि दोन्ही हातांनी दांडी धरून बसतो.

तर मग शॉकअप कोणते घ्यावेत? बाजारात ‘हेवी ड्युटी’ असे ठळक लिहिलेले शॉकअप मिळतात. ते दर फेरीला पूर्ण माल भरणाऱ्यासाठी आहेत. ज्याची गाडी निम्म्या फेऱ्या रिकामी किंवा हलकी धावते, त्याने ते घेतले तर कंबर जास्त दुखणार. जास्त कडक शॉकअप गाडीचा झोका लवकर थांबवतो खरा, पण बारीक खडबड जशीच्या तशी वर पोहोचवतो. अशा मालकाला कंपनीच्या मूळ क्रमांकाचा शॉकअप सर्वांत सुरक्षित. त्यापुढे जायचे असेल तर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला, दुहेरी नळीचा गॅस शॉकअप या रस्त्यांना चांगला. सतत खडबडीत रस्त्यावर साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि फेसाळलेले तेल झडपांतून सहज निसटते. गाडी घाटाच्या सुरुवातीला बरी आणि शेवटी सैल वाटते ती यामुळे. गॅसच्या दाबाने फेस धरत नाही. एकेरी नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप उष्णता आणखी चांगली बाहेर टाकतो, पण त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच आतला दट्ट्या घासत असतो. एखादा दगड लागून पोचा आला की तो बाद. कच्च्या रस्त्यावर दगड उडणारच. महागही असतो. जव्हार-मोखाड्याच्या पिकअपला त्याची गरज नाही.

लांबीकडे फार थोडे लोक बघतात. शॉकअप पूर्ण दाबला असता आणि पूर्ण ताणला असता किती लांब असतो, हे गाडीच्या मूळ मापाशी जुळले पाहिजे. इथे हमखास घोळ होतो तो जादा पाट्यामुळे. माल जास्त भरता यावा म्हणून मालक एक-दोन पाटे वाढवतो. गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि जुन्या मापाचा शॉकअप उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. मग चाक खड्ड्यात उतरले की त्याला आणखी ताणायला जागाच नसते. ठाक असा आवाज येतो, बुश फाटतात आणि महिनाभरात शॉकअप गळू लागतो. मालक म्हणतो कंपनी वाईट. खरे तर जादा पाटा काढणे हाच पहिला उपाय असतो आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. परवान्यापेक्षा जास्त माल भरायचाच नसेल तर जादा पाट्याचे काम काय, हा प्रश्न गॅरेजवाला गिऱ्हाइकाला विचारत नाही, हेही समजण्यासारखे आहे.

शॉकअप जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी एका अंगाला जाते. दोन मागच्या शॉकअपचा खर्च बहुतेक वेळा पिकअपच्या एका नव्या टायरपेक्षा कमीच येतो. शॉकअप गेले की टायर जागोजागी खळगे पडल्यासारखे झिजतात, तेव्हा हा खर्च मालकाच्याच खिशात परत येतो. बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर घेऊन मग आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. कारसाठी सांगतात ती कोपरा दाबून बघण्याची युक्ती पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी चालत नाही, कारण एका माणसाच्या जोराला तो पाटा दबतच नाही. त्याऐवजी दोघांनी मागच्या बंपरवर उभे राहून एकदम उतरावे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा हलली तर शॉकअप गेले. बाहेरून तेलाचा ओला थर आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर एवढेही करायची गरज नाही.

शॉकअपच्या आधी पाट्यांची सफाई. पावसाळ्यात चिखल पाट्यांमध्ये शिरतो, गंज धरतो, आणि दिवाळीपर्यंत सगळे पाटे मिळून एक लोखंडी दांडा होतो. ते सोडवून, घासून, मधे ग्रॅफाइटचे ग्रीस लावले की गाडी लहान खड्ड्यांवर पुन्हा वाकू लागते. पाट्यांमध्ये रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर मात्र ग्रीस लावू नये. तसेच टायरची हवा. मालासाठी भरलेली जास्तीची हवा रिकाम्या परतीच्या फेरीतही तशीच राहते आणि टायर दगडासारखा होतो. कंपनीने रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ते पाळणे फुकट आहे. भरलेल्या गाडीत हवा कमी ठेवणे मात्र धोक्याचे, टायर तापून फुटतो.

बसायची जागाही शॉकअपइतकीच महत्त्वाची. दोन्ही चाकांच्या मधला भाग कमी हलतो. मागच्या चाकाच्या मागे, फाळक्याजवळ, सर्वांत जास्त. आजारी, गरोदर आणि म्हाताऱ्या माणसाला केबिनमध्ये जागा द्यावी, तरुणाने तिथे हक्क सांगू नये. बसण्याखाली घट्ट घडी केलेली गोधडी चांगली. जाड मऊ स्पंज बरा वाटतो, पण तो नेमक्या नको त्या लयीला झोका वाढवतो आणि मोठ्या खड्ड्यावर तळाला टेकतो. हाड मोडलेल्याला फळीने बांधल्याशिवाय गाडीत घालू नये. दिवस भरत आलेली बाई झोपून येत असेल तर डाव्या कुशीवर. आणि चालकासाठी एक गोष्ट. दोन तास हादरे खाल्ल्यावर कण्यातल्या चकत्या आणि पाठीचे स्नायू थकलेले असतात; उतरल्याबरोबर पन्नास किलोचे पोते उचलणे ही चकती सरकवून घेण्याची हमखास वेळ. पाच-दहा मिनिटे चालावे, मग उचलावे.

पाड्यावरून रस्त्यापर्यंत अजूनही काही ठिकाणी रुग्ण झोळीतून येतो. बांबूची लवचीकता खांद्यावरचा दाब बोथट करते, हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेले आहे, आणि झोळीतल्या रुग्णालाही हादरे कमी बसत असतील. पण झोळीचा तास-दीड तास रक्तस्राव होणाऱ्या बाईकडे नसतो. म्हणून रस्ता हवाच. रस्ता होईपर्यंत, आणि झाल्यावरही, आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधली ‘माहेरघर’ योजना वापरावी. प्रसूतीच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहिलेल्या बाईचा प्रवास दिवसाउजेडी, सावकाश, कळा सुरू नसताना होतो. कोणताही शॉकअप एवढे करू शकत नाही. घर, गुरे आणि मोठी मुले सोडून यायला बायका नाखूश असतात, त्याची कारणे खरी आहेत. आशा कार्यकर्तीने ती ऐकून घेऊन नवऱ्याशी आणि सासूशी बोलले तरच उपयोग होतो.

राहिला सरकारी भाग. आरोग्य खात्याच्या स्वतःच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि भरारी पथकांसाठी भाड्याने घेतलेल्या गाड्या, या सगळ्यांच्या कराराच्या कागदांत किलोमीटर, डिझेल, चालकाचा परवाना आणि विमा तपासला जातो. शॉकअप, पाटे आणि बुश यांची तपासणी त्यात कलम म्हणून यावी, आणि ठरावीक किलोमीटरनंतर ते बदलणे ठेकेदारावर बंधनकारक असावे. रुग्णाला नेणाऱ्या गाडीत जादा पाटा घालायला साफ बंदी असावी. कंपन मोजणारा संवेदक आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. तो स्ट्रेचरवर ठेवून मिळणारा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसेल, पण याच रस्त्यावर गेल्या महिन्यापेक्षा ही गाडी जास्त आदळते का, एवढे तो नक्की सांगतो. वर्षातून दोनदा तपासणी पुरे. पहिली पाऊस संपल्यावर, पाट्यांतला चिखल काढताना, वीटभट्टीच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत. दुसरी मे महिन्यात, कारण जूननंतर मोखाड्याच्या रस्त्यावर एखादी गाडी बंद पडली तर तिच्या बदली दुसरी येईपर्यंत दुपार होते.